पूल काऊन मोडला?

देवाजी बन्सोड सरांबद्दल लिहायचं तर कोंबड्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांना न आवडणाऱ्या गोष्टी मी पूर्वीही पुष्कळ केल्या आहेत.

आमची शाळा चोरखमाऱ्याच्या तलावाकडून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका संस्थेची, पाचवी ते दहावी, कौलारू, पावसाळ्यात ठिकठिकाणी बादल्या ठेवाव्या लागणारी. मी तिथे मराठी शिकवायची. निर्मला पटले माझं नाव. पोरं तोंडावर निर्मलाबाई म्हणत, पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे. बन्सोड सर कार्यानुभवाचे शिक्षक. कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला तो तास, ज्यात बाकीच्या शाळांत पोरं मैदान झाडतात आणि मास्तर पेपर वाचतो. सरांनी सुतारकामाचा आयटीआय केलेला होता आणि त्यांना पेपर वाचायची आवड नव्हती. तिथेच सगळी गडबड झाली.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर, त्यांनी पुलाची स्पर्धा सुरू केली. हिरव्या बांबूच्या कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, आणि सुतळी, एवढंच सामान. खिळा नाही, डिंक नाही. दोन बाकांमध्ये अंतर ठेवायचं, त्यावर आपला पूल ठेवायचा, मधोमध बादली टांगायची आणि बादलीत हळूहळू धान ओतत जायचं. किती? तर पूल मोडेपर्यंत. जो पूल सगळ्यात हलका असून सगळ्यात जास्त धान पेलेल तो पहिला. पण मोडायचे सगळेच. न मोडता कोणाचाच पूल घरी जायचा नाही.

पूल मोडला की बादली आदळायची आणि धान वर्गभर उधळायचं. म्हणून जमुनाबाई स्पर्धेच्या दिवशी डालग्यात आपल्या कोंबड्या घालून, डालगं डोक्यावर घेऊन शाळेत यायची. जमुनाबाई शाळेत पाणी भरायची, झाडझूड करायची. राहायची नाल्यापलीकडच्या टोलीत, गावाबाहेरच्या वस्तीत. शाळेत कोंबड्या आणू नयेत, असं मुख्याध्यापक कापगते सर दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी ती म्हणायची, "मोडा बाप्पा, मोडा. माह्या कोंबड्यायचा सण आहे." पूल कडाडला की पोरं ओरडायची, कोंबड्या धावायच्या, आणि मी शेजारच्या वर्गात अलंकार शिकवत डोकं धरून बसायची.

एवढ्यावर थांबतील तर ते बन्सोड सर कसले? ज्याचा पूल मोडला त्याने मोडके तुकडे हातात घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं. मग सर दोन प्रश्न विचारायचे. पहिला, पूल काऊन, म्हणजे कशामुळे, मोडला? दुसरा, पुढच्या खेपेले का करशील, म्हणजे काय वेगळं करशील? या दोन्हींची उत्तरं दिल्याशिवाय कोणाला नंबर नाही, अगदी पहिल्या आलेल्यालाही नाही. "माहीत नाही" चालायचं. सर म्हणायचे, बस, पाहा, मग सांग. "नशीब" चालायचं नाही. सरांचे वडील छप्पन्न साली दीक्षा घ्यायला नागपूरला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्या घरात 'देवाची करणी' हे कारण कशालाच लागू नव्हतं. मडकं फुटलं तरी कोणाच्या हातून आणि कसं, ते सांगावं लागे. सरांनी तीच रीत शाळेत आणली.

मी एकदा चिडून म्हटलं, "माझ्या तासाला पाच ओळींचा निबंध लिहीत नाहीत, आणि तुमच्याकडे मोडक्या बांबूवर भाषणं ठोकतात."

ते म्हणाले, "तुमच्या निबंधात काही मोडत नाही न बाई, म्हणून."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर मागच्या दारात उभी राहून मी ती भाषणं ऐकायची. घरात ज्यांना कोणी 'का रे' म्हणून विचारत नव्हतं, अशी पोरं तिथे ताठ उभी राहून सांगायची: माही गाठ ढिली होती, मी खालची कमची बारीक घेतली, मी घाई केली. चूक सांगताना त्यांचा आवाज खाली जात नसे. असं मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलेलं नाही.

एकदा सर पोरांना घेऊन गोंदियाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेले. तिथे थर्माकोलचे ज्वालामुखी, लाल दिवे, कारंजी. परीक्षकाने आमच्या काळपट पुलाकडे पाहून विचारलं, "यह तोड़ने के लिए लाये हो क्या?" सर म्हणाले, "हो जी, तोडूनच दाखवाचा आहे." गालिच्यावर धान सांडेल म्हणून परवानगी मिळाली नाही. परतताना पोरांनी पूल एसटीतच गुडघ्यावर ठेवून मोडला, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या.

रंजिता त्याच टोलीतली. बाप नव्हता. आई भागीरथा दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणा-कापणी करायची. धानाचे भारे बांधणाऱ्या आईची मुलगी, तिच्या गाठीला तोड नव्हती. सुतळी आधी भिजवायची, आडवी-उभी वेढायची, मग काडी घालून पिळायची. सुतळी वाळली की गाठ दगड. आठवीत असताना तिच्या पुलाने इतकं धान पेललं की शाळेतलं धान संपलं आणि बादलीचा कान तुटला. पूल तसाच. पण नियम तो नियम. शेवटी मोठा दगड आणून टांगला तेव्हा तो मोडला. तुकडे हातात घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "गाठ नाही सुटली सर. कमची मोडली. पुढच्या खेपेले कमची चांगली पाहून घेईन."

आणि खाली बसण्याआधी तिने आणखी एक विचारलं, "सर, आपण येवढालेच पूल काऊन करतो? नाल्यावर काऊन नाही करत?"

टोली आणि गाव यांच्यामध्ये तो नाला. पावसाळ्यात टोलीची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन त्यातून येत, आणि पाणी चढलं की येतच नसत. ग्रामपंचायतीने पूल मंजूर केल्याचं मी नोकरीला लागल्यापासून ऐकत होते. रंजिताच्या प्रश्नावर वर्गात एकच गलका झाला आणि सरांचा चेहरा असा उजळला की मला त्याच वेळी भीती वाटायला हवी होती. मला वाटलं फक्त कौतुक.

कापगते सर आधी नाही म्हणाले. मग त्यांना आठवलं की सव्वीस जानेवारीला संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत, आणि शाळेत त्यांना दाखवण्यासारखं गळक्या छपराशिवाय काही नाही. मग ते हो म्हणाले आणि तारीख ठरली.

आता जे सांगते ते नीट ऐकावं, कारण सगळं यात आहे. आमच्या झाडीपट्टीत बांबू कापून लगेच घराला लावत नाहीत. तलावात किंवा बोडीत दगडाखाली दाबून तो भिजत घालतात, चांगला वास मारेपर्यंत, मग सावलीत सुकवतात. न भिजवलेल्या बांबूला भुंगा लागतो. आतून त्याचं पीठ होतं आणि वरून पत्ता लागत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सरांना ठाऊक नव्हतं? आजवर त्यांनी निम्म्या गावाची कुडाची घरं उभी केली होती. पण इतकी वर्षं ते स्पर्धेच्या बांबूत राहत होते. स्पर्धेला बांबू हिरवाच लागतो, वाकतो, चिरायला सोपा जातो. आणि आमच्या स्पर्धेत पुलाचं आयुष्य असतं एका दुपारचं. भिजवायचं कशाला? गावातली माणसं श्रमदानाला आली, बेटातून बांबू कापून आणले, खड्डे खोदले, आणि एकालाही प्रश्न पडला नाही. कोणाच्या घराची चौकट असती तर चार जणांनी हटकलं असतं. पण हा पोरांच्या स्पर्धेचा पूल होता, फक्त मोठा. सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलं होतं, आणि सगळ्यात घट्ट सरांच्या.

मधला सांधा रंजिताने बांधला. दुसरा कोण बांधणार? अंबाडीचा दोर घेतला आणि तो पाण्याने कुजू नये म्हणून तिच्याच हट्टाने त्याला डांबर पाजलं. दोराचा विचार झाला, बांबूचा राहिला.

सरांनी पूल तपासला, तो त्यांच्या रीतीने. धानाची पोती एकावर एक चढवली. पूल जरासा झुकला आणि थांबला. पोरं ओरडली, "मोडा सर, मोडा!" सर हसून म्हणाले, "नाही रे, हा मोडाचा नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सव्वीस जानेवारीला अध्यक्षांनी फीत कापली, भाषण केलं, आणि पुलावर पाय न ठेवता गाडीत बसून गेले. पहिली पलीकडे गेली ती जमुनाबाई, डोक्यावर डालगं घेऊन. मधोमध थांबून तिने दोनदा उड्या मारल्या, तेव्हा कोंबड्यांनी जो कल्ला केला तो गावाने पुढे कित्येक दिवस सांगितला.

एक पावसाळा पूल उभा राहिला. टोलीची पोरं त्या वर्षी पहिल्यांदाच ऐन पावसात शाळेत आली. दुसऱ्या पावसाळ्यात, दोन हजार आठच्या ऑगस्टमध्ये, सकाळी जमुनाबाई शाळेला येत होती आणि तिच्यामागे थोड्या अंतरावर दहावीतली रंजिता. पूल मधोमध बसला. मोठा आवाजही झाला नाही, असं रंजिता म्हणाली. ओलं पोतं पडावं तसा. रंजिताच्या हाती लोंबकळता दोर लागला, ती वाचली. जमुनाबाई खाली दगडांवर पडली. नाल्याला त्या दिवशी घोटाभर पाणी होतं. पाणी जास्त असतं तर कदाचित वाचली असती. तिरोड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

दुसऱ्या दिवशी सर नाल्यात उतरले आणि मधला सांधा शोधून घेऊन आले. कार्यानुभवाच्या खोलीत दुपट्ट्यातून काढून त्यांनी तो मला दाखवला. दोर तसाच होता, गाठ दगडासारखी घट्ट. गाठीतला बांबू मात्र दोन्ही टोकांना पिचलेला. सरांनी त्याच्यावर अंगठा दाबला तर पिवळं पीठ भुरभुर खाली पडलं.

"गाठ पाहा बाई," ते म्हणाले. "पोट्टीची गाठ पाहा." आणि मग म्हणाले, "भिजवले नाही मी."

त्याच दुपारी कापगते सरांच्या खोलीत बैठक झाली. सरपंच होते, संस्थेचा माणूस होता. तिथे ठरलं की नाल्याला पूर आला होता. पूर म्हटलं की कोणी दोषी नाही, शाळेवर बालंट नाही, आणि जमुनाबाईच्या पोराला, चंद्रकुमारला, सरकारी मदत मिळेल. पूर नव्हता म्हटलं तर पोलीस, चौकशी, आणि त्या पोराच्या हाती काहीच नाही. बन्सोड सर गप्प बसले. त्यांनी चंद्रकुमारचा विचार केला हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण गप्प बसायला माणसाला एक चांगलं कारण मिळालं की बाकीची कारणं त्याच्या पदराखाली लपतात.

शाळेत शोकसभा झाली. कापगते सर पुरावर बोलले, निसर्गापुढे माणूस किती लहान यावर बोलले. सगळे मान खाली घालून. मग मुलींच्या रांगेतून रंजिता उठली. कोणी तिला उठवलं नव्हतं. हाताला खरचटलेलं, त्यावर हळद. पूल मोडला की उभं राहून सांगायचं, हेच तिला पाचवीपासून शिकवलं होतं.

"पूल काऊन मोडला," ती म्हणाली, "तं मंधातली गाठ माही होती. थे सुटली असन. मी होती मांगं, मले दिसलं, पूर नव्हता."

एवढं बोलून ती थांबली. ती सरांकडे पाहत होती. दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होती, असं मला वाटतं. सर खुर्चीत बसलेले. मी त्यांच्या शेजारी होते. कापगते सरांचा हात त्यांच्या गुडघ्यावर पडलेला मी पाहिला. तो हात नसता तरी ते उठले असते का, हे मला आजही सांगता येत नाही. "बस बेटा, बस," कापगते सर म्हणाले, "पूरच होता. घाबरली आहे लेकरू." आणि आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो.

बाहेर आल्यावर मी सरांना धरलं. "उठला का नाहीत?"

"प्रकरण थंड होऊ द्या बाई. मी तिले एकटीले सांगतो."

"आजच सांगा. नाहीतर मी सांगते."

"नाही. मोडला माहा पूल. सांगन तं मीच सांगन." यावर मी काय बोलणार? रीतच तशी होती.

रंजिता शाळेत यायची थांबली. सर टोलीत गेले, हेही खरं. पण दारासमोर बायका जमलेल्या, चंद्रकुमारचे काका बसलेले, मदतीचे कागद नुकतेच तालुक्याला गेलेले. भागीरथाने विचारलं, "सर, पोट्टी म्हणते माह्यामुळं मेली जमुना. खरं आहे का जी?" आणि सर त्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "नाही बाई, तिचा दोष नाही. पूर होता."

रंजिता आत चुलीपाशी बसून ऐकत होती. नंतर भागीरथाने मला सांगितलं, तेव्हा मला ते कळलं. पूर नव्हता हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि बन्सोड सर मोडलेल्या पुलाबद्दल कधी खोटं बोलत नाहीत, हेही तिला पक्कं माहीत होतं. मग आज बोलले ते कशासाठी? आपल्याला वाचवण्यासाठी. म्हणजे दोष आपलाच. असा हिशेब तिने मांडला, आणि तो सरांनीच शिकवलेल्या पद्धतीने मांडला होता. दिवाळीआधी तिच्या मामाने तिला देवरीला नेलं. दहावीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

त्या हिवाळ्यात सरांनी स्पर्धा ठेवली. कोंबड्या नव्हत्या. सातवीतल्या प्रफुल्लचा पूल लवकरच मोडला आणि तो तुकडे घेऊन उभा राहिला. सरांनी विचारलं, "काऊन मोडला?"

प्रफुल्ल म्हणाला, "पूर आला सर."

तो चावटपणा करत नव्हता. त्याला वाटलं, आता असं उत्तर चालतं. सरांनी बादली खाली ठेवली, धान पोत्यात भरलं, आणि पोरांना सुट्टी दिली. त्यानंतर आमच्या शाळेत ती स्पर्धा झाली नाही. कार्यानुभवाच्या तासाला पोरं मैदान झाडू लागली.

काही दिवसांनी सर शिक्षण विभागाच्या कचेरीत जाऊन खरं काय ते सांगून आले. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. साहेबाने चहा पाजला आणि म्हणाला, "गुरुजी, फाइल बंद झाली. मदतही मिळून गेली. आता कायले उकरता?" ज्या भीतीने ते गप्प बसले होते ती अशी एका चहात संपली. ना कोणी पकडलं, ना कोणी सोडलं. त्या दिवशी सर फार म्हातारे दिसले.

मग देवरीला जायचं तेवढं राहिलं. या उन्हाळ्यात जाऊ, धान निघालं की जाऊ. मी बोलायची, टोचायची, भांडायची. माणूस एकदा गप्प बसला की गप्प बसणं सोपं होत जातं, आणि जाणं अवघड. दोन हजार अकरा साली ते निवृत्त झाले. कपाट रिकामं करताना दुपट्ट्यातला तो सांधा खाली पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "बाई, चला. एकट्यानं जमाचं नाही."

रंजिताचं लग्न देवरीतच झालं होतं. नवरा संघदीप, हायवेवर पंक्चरचं दुकान. दुकानामागे दोन खोल्या, दारात टायर, आत साडीच्या झोळीत झोपलेलं मूल. तिने आम्हाला ओळखलं. पाणी दिलं. "बसा सर, बसा बाई." अंगाने भरली होती, पण डोळे शोकसभेतलेच.

मी बसले. सर बसले नाहीत. दुपट्टा सोडून त्यांनी तो सांधा दोन्ही हातांत धरला आणि भिंतीला लागून उभे राहिले, त्यांचे विद्यार्थी उभे राहायचे तसे. साठीचा माणूस.

"पूल काऊन मोडला," ते म्हणाले, "तं बांबू भिजवला नव्हता. भुंगा लागला. बांबू मी निवडला होता. गाठ सुटली नाही, रंजिता. तुही गाठ अजून तशीच आहे."

तिने सांधा हातात घेतला. उलटसुलट केला. पिचलेल्या टोकावर अंगठा दाबला, पीठ तिच्या पायावर पडलं.

"कवा मालूम झालं तुमाले?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंग मी शाळेत उभी होती तवा..."

"तवा मालूम होतं."

बाहेर एक ट्रक येऊन थांबला, संघदीपने चाकावर हातोडा मारायला सुरुवात केली. झोळीतलं मूल कुरकुरलं, तिने न पाहताच हाताने झोळीला झोका दिला. मला वाटलं ती आता रडेल, किंवा आम्हाला हाकलून देईल. मला दोन्ही चाललं असतं.

ती म्हणाली, "आन पुढच्या खेपेले?"

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. "पुढची खेप नाही बेटा," ते म्हणाले. "स्पर्धा बंद केली मी."

"टोलीचे पोट्टे आता कसे येतेत?"

"पाण्यातून."

"मंग बंद कायले केली?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मोडला तं सांगाचं आन पुन्हा बांधाचा, असं तुमीच सांगे ना जी? मी नाही तं नाही, बाकीच्यायले तं शिकवाचं होतं. भिजवलेला बांबू घेऊन एक डाव बांधाचा होता."



रंजिताने कोपऱ्यातला विळा घेतला. मला वाटलं दोर कापते की काय. पण तिने विळ्याचं टोक फक्त गाठीत खुपसलं, एक पदर उचलला, मग दुसरा. डांबराने कडक झालेला तो दोर तिने वेढा वेढा करून सोडवला, घाई न करता. जी गाठ नाल्यात, कपाटात सुटली नव्हती ती तिच्या हाताने सुटली. मोकळा झालेला बांबू तिच्या मांडीवरच दोन तुकडे होऊन पडला.

दोर तिने गुंडाळून झोळीच्या वरच्या आढ्याशी टांगला. बांबूचे तुकडे दुपट्ट्यात घालून सरांच्या हातात दिले.

"दोर माहा," ती म्हणाली. "बांबू तुमचा."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते, दुपट्टा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, सामान खाली ठेवा. त्यांनी ठेवलं नाही. मला सरांचा तीन वर्षं राग होता, आणि त्या बसमध्ये मला त्यांच्यासाठी रडू आलं. बोलण्यासारखं जे होतं ते रंजिता बोलून चुकली होती. खड्डा आला की दुपट्ट्यातून थोडं पीठ सांडायचं. सरांची पांढरी विजार गुडघ्यांवर पिवळी झाली होती. गाव येईपर्यंत त्यांनी ती झटकली नाही.